खुंट्याला दुसरा हात

यंदाच्या आषाढी एकादशीला मी पंढरपुरात नव्हतो. लिंबागणेशला, माझ्या घरी होतो. ३१ वर्षे न चुकलेली पायी वारी यंदा चुकली. कारण अगदी घरगुती आहे. ज्येष्ठात पहिला दणकट पाऊस झाला, त्या संध्याकाळी वाळवण उचलायला धावताना आमच्या मंडळींचा पाय अंगणातल्या फरशीवरून घसरला आणि उजवे मनगट मोडले. कोपरापर्यंत प्लास्टर. मुलगा आणि सूनबाई पुण्याला नोकरीत. चार दिवस येऊन गेले, त्याहून जास्त रजा त्यांना नव्हती. उरलो आम्ही दोघे, एक गाय आणि तिची कालवड.

दिंडी निघायच्या आदल्या दिवशी मी तिला म्हणालो, "शेजारच्या बाया बघतील तुझं. मी पंढरपूर करून येतो." ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा अर्थ लावायला मला चाळीस वर्षे पुरली नव्हती, पण या खेपेला लागला. भरून ठेवलेली पडशी मी पुन्हा खुंटीला टांगली.

गावातल्या लोकांनी माझे समाधान केले. "गुरुजी, सावता महाराजांनी तरी मळा कुठं सोडला? देवच अरणला गेला ना त्यांच्याकडं." बोलणे प्रेमाचे होते, मी मान हलवली. पण सावतोबा आपल्याच मळ्यात, आपल्याच हातच्या कामात होते. मी घरी राहिलो तो दुसऱ्याच्या कामात उतरण्यासाठी, आणि तेही वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा. हा फरक मला एकादशीच्या सकाळी साडेपाचला कळला.

त्याआधी माझ्याबद्दल थोडे सांगायला हवे. मी प्राथमिक शिक्षक होतो. गळ्यात माळ लहानपणापासून. निवृत्त झाल्यावर आसपासच्या गावांत सप्ताह असला की प्रवचनाला बोलावतात, आणि जनाबाई हा माझा आवडता विषय. मागे पदर घेऊन बसलेल्या बायकांकडे बघून मी नेहमी सांगत आलो : "बायांनो, तुम्हाला देवळात यायला वेळ नाही तर नसू द्या. जनाबाई कुठं देवळात बसून होती? दळता-कांडता, झाडता-लोटता तिनं नाम घेतलं. हात कामात, चित्त नामात. तुमचं स्वयंपाकघर हेच पंढरपूर." बायका माना डोलवायच्या. पुरुष मंडळी तर जास्तच डोलवायची. हे सांगताना माझ्या हाती कधी केरसुणी आलेली नव्हती.

दुसरे म्हणजे माझी वही. शाळेत रोजचे पाठ टाचण लिहावे लागे. ती सवय सुटली नाही. रोज रात्री निजण्याआधी मी दिवसाचा हिशोब लिहितो : हरिपाठ पूर्ण, ज्ञानेश्वरीच्या इतक्या ओव्या, लेखन दोन पाने. ज्या दिवशी लेखनापुढे भोपळा असेल तो दिवस मला वाया गेल्यासारखा वाटे. या बाबतीत माझे दैवत आमच्याच जिल्ह्यातले, अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५). सव्वा लाख ओव्यांचा 'गीतार्णव' ज्यांच्या नावावर सांगतात, ते रोज एका ढब्बू पैशाची शाई लिहून संपवीत अशी आख्यायिका आहे. शाईवर दिवस मोजायचा! मला ती कल्पना फार आवडायची. त्यांची पासोडी तर प्रसिद्धच आहे : सुमारे ४० फूट लांब जाड कापड, आणि त्यावर लिहिलेले 'पंचीकरण'. पंचमहाभूतांचा सगळा पसारा एका पांघरुणावर. मी हे एकदा मोठ्या उत्साहाने घरी सांगितले, तर मंडळींनी विचारले, "पासोडी म्हंजे पांघरायचीच ना? इणली कुणी?" मी हसून सोडून दिले. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि अजूनही नाही.

तर एकादशी. साडेचारला उठलो, काकड्याची सवय आहे. टीव्हीवर पंढरपूरची महापूजा चालू होती. मुख्यमंत्र्यांच्या शेजारी दर्शनाच्या रांगेतून निवडलेले मानाचे वारकरी जोडपे उभे होते, नवरा-बायको दोघेही. बघून डोळे भरून आले. इकडे गाय हंबरायला लागली होती. धार काढली (ते मला येते, शेतकऱ्याचा मुलगा आहे), दूध गॅसवर ठेवले आणि ठरवल्याप्रमाणे उभ्या उभ्या हरिपाठ सुरू केला. हात कामात, चित्त नामात. पाचव्या का सहाव्या अभंगाला मी डोळे मिटले. वास आला तेव्हा अर्धे दूध शेगडीवर आणि उरलेले पातेल्याच्या बुडाशी करपलेले.

मंडळी दारात येऊन उभ्या राहिल्या. रागावली असती तर बरे झाले असते. म्हणाली, "दूध उतू जायलं तवा देव कुठं असतोय? माळंपाशी का पातेल्यापाशी?"

मी ३१ वर्षे कीर्तने ऐकली आहेत, मोठमोठ्या महाराजांची. एवढा नेमका प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

पुढचा दिवस कसा गेला ते सगळे सांगत बसत नाही. ज्यांना घरकामाची सवय आहे त्यांना ते वाचून हसू येईल, आणि ज्यांना नाही त्यांना पटणार नाही. पण एक गोष्ट मला अगदी नवी होती. मी कामे मोजत आलो ती सुटी सुटी : झाडणे एक, पाणी भरणे दुसरे, स्वयंपाक तिसरे. घरात ती तशी नसतातच, एकात एक गुंतलेली असतात. नळाला पाणी सहाला येते, म्हणून त्याआधी रांजण विसळला पाहिजे. रांजण विसळायचा तर त्याआधी कालचे पाणी गाईच्या टोपल्यात गेले पाहिजे. तेवढ्यात भगर धुवून निथळत ठेवली नाही तर फराळाला उशीर, आणि उशीर झाला तर तिच्या गोळ्या उपाशीपोटी. ती बाजेवर बसून नुसते सांगत होती. "आता दाण्याचं कूट. न्हाई, आदी रताळी उकडाया टाका, मग कूट." तिच्या डोक्यात सगळे घर एकाच वेळी चालू होते. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण मी लहानपणापासून ऐकतो. ते दुप्पट शिजवतो कोण, हे म्हणीत नाही.

हरिपाठ? राहिला. दुपारी बारापर्यंत माझ्या तोंडून एक सबंध अभंग गेला नव्हता.

मग मला संतांच्या वाङ्मयातल्या दोन गोष्टी आठवल्या. दोन्ही आपल्या ओळखीच्याच. एक नामदेवरायांची. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवरायांची ६१ पदे आहेत. त्यांतल्या एका पदात चित्त कुठे असावे याचे दाखले दिले आहेत. मुलगा पतंग उडवताना सोबत्यांशी गप्पा मारतो, पण ध्यान दोरीवर. मुली भरल्या घागरी घेऊन हसत-खिदळत येतात, ध्यान घागरीवर. गाय पाच कोसांवर चरते, ध्यान वासरावर. आणि शेवटी आई : ती घराच्या आत-बाहेर कामात बुडालेली आहे, ध्यान मात्र पाळण्यातल्या बाळावर. हे दाखले मी प्रवचनात कितीदा वापरले असतील! अर्थ लावायचो तो असा, की हात एकीकडे आणि मन दुसरीकडे, संसाराबाहेर. आता शेगडी पुसताना लक्षात आले, की यांतले एकही ध्यान संसाराबाहेर गेलेले नाही. दोरी, घागर, वासरू, बाळ. जे सांडेल, तुटेल, रडेल, त्याच्यावर ते जडलेले आहे. नामदेवरायांना देवाकडे लागलेल्या ध्यानाला उपमा हवी होती, ती त्यांनी अशा जिवाच्या काळजीतून घेतली.

दुसरी गोष्ट तेरच्या गोरोबाकाकांची. चिखल तुडवताना नामात इतके रंगले, की रांगत आलेले स्वतःचे लेकरू पायाखाली गेले तरी कळले नाही. ही कथा आपण भक्तीची पराकाष्ठा म्हणून ऐकतो. पुढे विठ्ठलकृपेने बाळ परत मिळते, सगळे गोड होते. गोरोबाकाकांच्या अधिकाराविषयी शंका घेणारा मी कोण? पण कथेत एक आई आहे, जी पाण्याला जाताना "लेकराकडे लक्ष ठेवा" असे सांगून गेली होती, आणि परत आल्यावर तिने जे पाहिले ते पाहिले. त्या आईच्या बाजूने मी ही कथा कधी सांगितली नव्हती. तिला आपल्या कीर्तनात आक्रोशापुरती जागा मिळते. सकाळी माझे फक्त दूध उतू गेले होते. तरीही त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले, की ही कथा गोरोबांचा मोठेपणा सांगते तशी आम्हा लहान माणसांना सावधही करते : तुमची ती योग्यता नाही, तेव्हा लेकराकडे बघा.

मग 'काम करता करता नाम घ्या' हे सांगणे खोटे का? दोन प्रहरी मी ओसरीवर टेकून याच विचारात होतो. तसे म्हणावे तर जनाबाई खोटी पडते. तिने दळताना, कांडताना, शेण्या वेचताना रचना केल्या. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. गंगाखेडच्या दमाची ही लेक, पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला राहिलेली, 'नामयाची दासी' म्हणून स्वतःची ओळख सांगणारी. तिला जमले ते मला एका सकाळीत जमले नाही, यात नवल काहीच नाही. पण आमच्या सांगण्यात काहीतरी गाळले जात होते, आणि ते काय हे मला दुपारी वाकळ शिवताना सापडले.

चैत्रापासून मंडळींनी एक वाकळ मांडली होती. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरे यांचे थर अंथरायचे, वरून रंगीत चिंध्यांचे तुकडे लावायचे, आणि कडेने धावदोरा घालत घालत आत मध्याकडे यायचे. निम्मे काम झाले होते आणि हात मोडला. ती घडी बघून ती रोज हळहळायची. मी म्हणालो, "तू सांग, मी टाके घालतो."

"तुम्ही?" असे म्हणाली खरी, पण वाकळ अंथरायला लावली.

सुई ओवायलाच मला पाच मिनिटे लागली. टाके असे पडत होते, की पहिलीच्या पोराचे अक्षर बरे. ती डाव्या हाताने कापड ताणून धरायची आणि म्हणायची, "बारीक घ्या, बारीक. वढू नका, चुन्या पडत्यात." हळूहळू हात बसला. एक टाका, दुसरा, तिसरा. पावसाची बारीक झिमझिम चालू होती. आणि मग ऐकू आले, की ती गुणगुणते आहे. टाक्याच्या चालीवर.

'ओवी' हा शब्द ओवण्यावरून आला असे मी वर्गात शिकवलेले आहे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये गोळा केलेल्या ओव्या मुलांना वाचून दाखवल्या आहेत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पोइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, हे वाचून मी धन्य धन्य म्हटले होते. माझ्या घरात ओवी रचणारी बाई आहे, हे मला माहीत नव्हते असे मात्र म्हणवत नाही. माहीत होते. लग्नानंतर पाच-सात वर्षांनी घरी पाहुणे बसलेले असताना ती आत जात्यावर गात होती. एका पाहुण्याने कौतुक केले, आणि मी म्हणालो, "मात्रा जुळत नाहीत हो त्यांच्या, व्याकरण तर विचारूच नका." सगळे हसलो. आतला आवाज थांबला. त्यानंतर मी घरात असताना ती गायली नाही. पुढे गिरणी आली, जाते गोठ्याच्या कडेला जाऊन पडले आणि ती गोष्ट माझ्याकडून विसरली गेली.

आमचे लिंबागणेश हे भालचंद्राचे क्षेत्र. बीड तालुक्यातले हे गाव, मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना लागते. गणपतीला बघून चंद्र हसला, शापित झाला, आणि त्या शापातून सुटण्यासाठी त्याने इथे तप केले. मग देवाने त्यालाच कपाळावर धारण केले, अशी कथा आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. दर चतुर्थीला मी देवळात जातो. चंद्राला हसण्याची केवढी शिक्षा भोगावी लागली हे तिथे उभे राहून पाहुण्यांना रंगवून सांगतो. आपण कधी कोणाला हसलो होतो, हा विचार त्या पायऱ्यांवर मला कधी शिवला नाही.

वाकळेत एक निळ्या रेघांचा तुकडा होता. मी विचारले, हे कशाचे? ती म्हणाली, शेजारच्या घरातला सदरा. त्या घरातली नवरा-बायको दर वर्षी ऊसतोडीला जातात. आमच्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे अशी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशोबात 'एक कोयता' म्हणतात. माणसे दोन, हिशोबात एक. त्यांचे पोरगे आजीपाशी राहिले होते, रात्री बापासाठी रडायचे. मंडळींनी त्याच्या बापाच्या जुन्या सदऱ्याचे तुकडे घालून त्याला वाकळ शिवून दिली होती. उरलेला तुकडा या वाकळेत आला. आणि तिने त्यावर एक ओवीही केली होती. मी दोनदा म्हणा म्हटल्यावर म्हणाली :

गाव गेलं तोडणीला, दारोदारी लागे कडी
बाळाच्या ग वाकळंत, बापाच्या सदऱ्याची घडी

मी सुई खोचून ठेवली. आत जाऊन वही आणली. माझ्या लेखनाची वही, दिवसाच्या हिशोबाची. आणि लिहू लागलो. पण सवय जाते कुठे? मी 'वाकळंत' न लिहिता 'वाकळेत' लिहिले. ती लिहिता-वाचता आहे, चौथी शिकलेली. वाकून बघितले आणि म्हणाली, "तसं नका लिव्हू. म्हणताना अडतंय."

मी खोडले. तिने सांगितले तसे लिहिले.

त्या खोडण्याबरोबर, आमच्या सांगण्यात काय गाळले जात होते ते मला दिसले. परंपरा जनाबाईंविषयी दोन गोष्टी सांगते. पहिली आपण घरोघर तसबिरीत लावली आहे : जनाबाई दळते आणि समोर पांडुरंग खुंट्याला हात लावून बसला आहे. दुसरी तेवढीच जुनी आहे : जनाबाईंचे अभंग स्वतः पांडुरंगाने लिहून घेतले. ज्ञानोबारायांना सच्चिदानंदबाबा लेखक मिळाले, जनाबाईला देव मिळाला. म्हणजे तिचे दळण ज्याने दळू लागले, त्यानेच तिचे शब्दही टिपले. 'जनाबाई काम करता करता गायली' हे खरे आहे, पण अर्धे. उरलेले अर्धे असे की ती एकटी नव्हती. समोरच्या बाजूने कोणीतरी खुंटा ओढत होते, म्हणून तिचा श्वास गाण्यापुरता उरत होता. जाते ज्याने ओढले आहे त्याला हे सांगावे लागत नाही. एकटी बाई दळते तेव्हा दम खुंट्यात जातो. दोघी समोरासमोर बसल्या म्हणजे एक वैरण घालते, दुसरी ओवी धरते.

आणि एकदा हे दिसले की आपल्या सगळ्या कथांमध्ये तेच दिसू लागते. पैठणला एकनाथ महाराजांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन १२ वर्षे कावडीने पाणी भरत होता. चोखोबा गावाला गेलेले असताना सोयराबाईंना कळा सुरू झाल्या, तेव्हा देव चोखोबांच्या बहिणीच्या रूपाने बाळंतपण करायला आला. बाळंतपण! आपण हा शब्द कीर्तनात पटकन उरकतो. रक्त, पाणी, चिंध्या, नाळ, रात्रभर जागणे, हे सगळे त्या शब्दात आहे, आणि आपल्या देवाने ते केले असे आपलेच संतचरित्रकार सांगतात. देहूला जिजाई भाकरी घेऊन डोंगर चढत होती, वाटेत पायात काटा मोडला. नवऱ्याला नादी लावणाऱ्या काळ्याला शिव्या देत ती खाली बसली. देव काटा काढायला आला तो तिच्याकडे. वर नामात रंगलेल्या तुकोबारायांकडे त्या वेळी गेला नाही. तिने नाम घेतले नव्हते, उलट बोल लावले होते. ती दमलेली होती एवढेच तिचे पुण्य.

आमचा देव सिंहासनावर फार थोडा सापडतो. पाणवठ्यावर, जात्यापाशी, बाळंतिणीच्या खोलीत तो जास्त सापडतो, आणि दर वेळी कोणाच्या तरी हातातले ओझे उचलताना सापडतो. असे असताना मी काय केले? प्रत्येक सप्ताहात बायकांना सांगितले, जनाबाईसारखे व्हा. समोरच्या पुरुषांना एकदाही सांगितले नाही, की पांडुरंगासारखे व्हा. राबणारीने आणखी राबावे आणि वर गावेही, अशी ती शिकवण झाली. खुंट्याची दुसरी बाजू मोकळीच राहिली, आणि तिथे देव येईल असे म्हणून आम्ही पान खायला बाहेर पडलो.

माझ्या एका मित्राला मी हे दुसऱ्या दिवशी बोलून दाखवले. ते शास्त्र जाणणारे आहेत. म्हणाले, "गुरुजी, देवाचे अनुकरण करू नये, भक्ताचे करावे. भगवंताच्या लीला आहेत त्या." त्यांचे म्हणणे मी टाकून देत नाही. गोवर्धन उचलायला मी जाणार नाही. पण दळू लागणे ही लीला असेल तर ती दोन हात असलेल्या कोणालाही जमण्यासारखी आहे, आणि इतकी सोपी लीला देवाने का निवडली असेल, याचा विचार तरी करावा. त्यांनी उत्तर दिले नाही. विषय पावसाकडे नेला.

दर वारीत मी गोपाळपूरला जातो. तिथे जनाबाईंचे जाते दाखवतात. गर्दीत रांग लावून त्या खुंट्याला हात लावतो, एक फेरा ओढतो, तो हात डोळ्यांना लावतो. ३१ वर्षांत ३१ फेरे. गोठ्याच्या कडेचे आमचे जाते मात्र उलथे पडलेले होते, कालवड त्याला अंग घासायची.

त्या दुपारी १४ ओव्या लिहून झाल्या. काही भावाच्या होत्या, काही तिच्या गेलेल्या आईच्या, दोन पांडुरंगाच्या, एक चांगलीच बोचरी दिंडीला जाणाऱ्या पुरुषांवरची. ती लिहू का म्हणून मी विचारले. "लिव्हा की. खरी हाय," म्हणाली. मध्येच गाईची वैरण, पुन्हा चहा, पुन्हा टाके. वाकळ वीतभर पुढे सरकली. त्यातले निम्मे टाके तिने उसवायला लावले.

संध्याकाळी मारुतीच्या देवळात हरिपाठ आणि रात्री कीर्तन होते. दर एकादशीला ती हरिपाठाला जायची आणि निम्म्यातून उठून यायची, कारण मागे धार काढायची असे, नाहीतर दिवाबत्ती. कीर्तनाचा शेवट तिने गेल्या कित्येक वर्षांत ऐकलेला नाही, हे तिनेच जाता जाता सहज सांगितले. पंढरपूरही तिने एकदाच पाहिले आहे, लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, एसटीने. मी म्हणालो, "आज तू बस शेवटपर्यंत. धार मी काढतो, दिवाही लावतो." प्लास्टरवरून पदर घेऊन ती शेजारणीबरोबर गेली.

घरात मी एकटा. धार काढली. तुळशीपाशी दिवा लावला. दूध तापत ठेवले आणि या वेळी पातेल्यासमोरच उभा राहिलो. हरिपाठ म्हटला नाही. दूध कसे चढते ते बघत राहिलो : आधी कडेला बारीक बुडबुडे, मग साय सुरकुतते, मग सगळे एकदम वर येते. गॅस बंद केला. देवळातून टाळांचा आवाज येत होता.

मग वही उघडली. रोजचा रकाना : हरिपाठ... तिथे 'नाही' लिहिले. ज्ञानेश्वरी... 'नाही'. लेखनापुढे काय लिहावे ते कळेना. १४ ओव्या होत्या, पण माझ्या नव्हत्या. बराच वेळ पेन धरून बसलो आणि शेवटी तो रकाना मोकळाच ठेवला. पानावर वर तिचे नाव घातले.

ती साडेअकराला आली. कीर्तन कसे झाले विचारले तर म्हणाली, "शेवट चांगला झाला." वही मागून घेतली, दिव्याजवळ धरली, बोट ठेवत ठेवत 'वाकळंत' शोधले. तसेच आहे हे बघितल्यावर मिटून परत दिली.

"सकाळचं पातेलं?" तिने विचारले.

राख घालून भिजत ठेवले होते. सकाळी बारस सोडायची, त्याच्या स्वयंपाकाआधी ते घासायचे होते.